जागेवर घर, इमारतीत फ्लॅट की भाड्याची खोली? सांगलीच्या पूरपट्ट्यात काय परवडेल

सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर, काकानगर. कृष्णा वाढू लागली की सांगलीत आधी इथली गाठोडी बांधली जातात. पत्र्याचं घर सोडून पक्क्या घरात जायचं, हे इथं घरोघरी चाललेलं बोलणं.

जागेवरच बांधलं तर पंतप्रधान आवास योजनेतून अडीच लाख मिळतात, केंद्राचे दीड आणि राज्याचा एक. जागा नावावर हवी, वार्षिक उत्पन्न ३ लाखांच्या आत हवं, देशात कुठंही पक्कं घर नको. पैसे एकदम हातात पडत नाहीत. पाया झाला, त्याचा फोटो पाठवला, मग हप्ता. ३० चौरस मीटरचं घर धरलं, तर ते साधारण ३२० चौरस फूट. फुटाला १,५०० धरले तरी ४ लाख ८० हजार होतात. म्हणजे निम्मा भार आपल्यावर, शिवाय हप्ता येईपर्यंत सिमेंटवाल्याची उधारी. तरी अंगण आपलं राहतं. ओळखीच्या एक मावशी बेदाणा निवडायला जातात. त्यांच्या दारात हातगाडा, मागं दोन शेळ्या. तिसऱ्या मजल्यावर यातलं काय नेणार?

पण त्यांच्याच भिंतीवर २०१९ च्या पाण्याची रेघ आहे, कॅलेंडरच्या खिळ्याच्याही वर. त्या वर्षी कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. धोक्याची पातळी ४५. निळ्या पूररेषेच्या, म्हणजे नदीलगतच्या पुराच्या पट्ट्याची नकाशावर आखलेल्या हद्दीच्या, आत नव्या बांधकामाला परवानगीच मिळत नाही. म्हणून आधी महापालिकेत जाऊन नकाशा बघा, गवंड्याशी नंतर बोला.

योजनेतल्या फ्लॅटलाही अनुदान तेवढंच, आणि वरच्या मजल्यावर पूर चढत नाही. मात्र पंप, जिन्यातली लाईट यांचा दरमहा खर्च येतो. मार्केट यार्डात हमाली करणाऱ्याला रोज रिक्षा करावी लागली, तर ते घर स्वस्त नाही. अर्ज भरण्याआधी तिथून एकदा पहाटे कामावर जाऊन बघा.

भाड्यानं राहायचं तर करार नोंदवून घ्या. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यानं ती जबाबदारी मालकावर टाकली आहे.

माझं मत स्पष्ट आहे. जागा नावावर आणि रेषेबाहेर असेल तर तिथंच बांधा. आत असेल तर हलायलाच हवं, पण सगळ्या वस्तीनं मिळून कामाच्या जवळची जागा मागावी.

आणि मिरज स्टेशनबाहेर झोपणाऱ्यांना यातलं काहीच लागू नाही. १ लाख लोकसंख्येमागं एक निवारा केंद्र, माणशी ५० चौरस फूट, हा सरकारचाच निकष. २०११ च्या जनगणनेत सांगली, मिरज, कुपवाड ही तिन्ही शहरं मिळून ५ लाखांवर माणसं होती. त्या हिशेबानं पाच केंद्रं लागतात, आणि बायकांची सोय वेगळी हवी.