कास-ठोसेघरसाठी कॅननची ५५-२५० आयएस एसटीएम लेन्स

वजन ३७५ ग्रॅम, त्यामुळे अजिंक्यताऱ्याच्या चढावरही गळ्याला ओझं होत नाही. खरी परीक्षा २५० मिमीला, म्हणजे पूर्ण झूमवर. क्रॉप सेन्सरवर (फुल-फ्रेमपेक्षा लहान सेन्सरवर) ती ४०० मिमीसारखी वागते, म्हणजे हातात धरून किमान १/४०० सेकंद शटर हवं. लेन्समधल्या आयएससाठी, म्हणजे स्टॅबिलायझरसाठी, कंपनी साडेतीन स्टॉपचा दावा करते (एक स्टॉप म्हणजे शटरचा वेळ दुप्पट). १/६० वर भरवसा ठेवावा, त्याखाली चार-पाच फ्रेम घेऊन एक निवडावी. बटण अर्धं दाबून सेकंदभर थांबा, चित्र स्थिरावलं की मगच क्लिक.

कासच्या पठारावर मात्र गफलत होते. स्टॅबिलायझर हाताची थरथर सावरतो, वाऱ्यावर डोलणारा तेरडा नाही! तिथे आयएसओ (सेन्सरची प्रकाश-संवेदनशीलता) ८०० करून १/५०० गाठा. शिवाय ८५ सेंमीवरून फूल टिपताना कॅमेरा पुढे-मागे सरकला की फोकसच जातो; त्यावर आयएसचा इलाज नाही.

ठोसेघरला पाण्याचा रेशमी पट्टा हवा असेल तर ट्रायपॉड, आयएसओ १००, अर्धा ते एक सेकंद आणि लेन्सवरचा आयएस बंद. चालू राहिला तर नसलेली थरथर शोधत आतलं भिंग हलतं नि फोटो पुसट येतो. पावसाळी धुक्यात जपून, लेन्स वेदरसील्ड (पाणी-धूळ रोखणारी) नाही.