सॅम्पलर एका हंगामानंतर: पहिल्या नजरेच्या व्हिडिओंनी काय दाखवले आणि काय राहून गेले

भीमगीतांच्या गायन पार्टीत मी पॅड वाजवतो आणि परभणी, हिंगोली, नांदेड, जालना या पट्ट्यात आमचे कार्यक्रम होतात. गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर मी बोटांनी वाजवायच्या सोळा पॅडचा एक सॅम्पलर घेतला, म्हणजे टिपलेला आवाज भरून ठेवून पॅड दाबताच तो वाजवणारे यंत्र. वर्षावासातले कार्यक्रम, धम्मचक्र प्रवर्तन दिन, १४ जानेवारीचा नामविस्तार दिन आणि १४ एप्रिलला सुरू होऊन मे महिना सरेपर्यंत चालणारा जयंतीचा हंगाम, एवढ्या सगळ्यातून तो गेला असल्यामुळे आता त्याच्याविषयी काही खात्रीने लिहिता येईल. यंत्राचे नाव मुद्दाम देत नाही, कारण नाव आले की वाचणारा त्या कंपनीच्या बाजूने किंवा विरोधात उभा राहतो, आणि मला सांगायचे आहे ते जितके यंत्राबद्दल आहे तितकेच ते घ्यायला लावणाऱ्या व्हिडिओंबद्दल आहे.

गरज साधी होती. हलगीचे कातडे पावसाळी हवेत सैल पडते. जाळावर शेकली की ती काही वेळ खणखणीत वाजते आणि पुन्हा उतरते. मंडपाबाहेर पाऊस असेल तर हलगीवाला निम्मा कार्यक्रम जाळापाशीच काढतो. नुकत्याच शेकलेल्या हलगीचा आवाज एकदा नीट टिपून ठेवावा आणि पाहिजे तेव्हा तो बोटाखाली यावा, एवढ्यासाठी सॅम्पलर हवा होता. मी फिरलो त्या दुकानांत हार्मोनियम, कीबोर्ड आणि ऑक्टापॅड समोर मांडलेले होते, सॅम्पलर मात्र आधी पैसे भरून मागवावा लागत होता. हात लावून बघण्याची सोय नसली की व्हिडिओ हेच दुकान होते. एका दुकानदाराने तर मी घरी बघून आलो होतो तोच व्हिडिओ स्वतःच्या मोबाइलवर लावून मला दाखवला. त्यामुळे या व्हिडिओंचे वजन मुंबई-पुण्यातल्या ग्राहकापेक्षा आमच्याकडच्या ग्राहकावर अधिक पडते, असे माझे मत आहे.

नव्या यंत्राची पहिली ओळख करून देणारे हे व्हिडिओ कसे तयार होतात, हे थोडे समजून घेतले म्हणजे त्यांच्याकडून किती अपेक्षा ठेवायची ते ठरवता येते. यंत्र बाजारात येण्याआधी कंपनी ते काही निवडक मंडळींकडे पाठवते आणि व्हिडिओ कोणत्या दिवशी किती वाजता प्रसिद्ध करायचा हेही बहुधा आधीच ठरलेले असते. म्हणूनच एका संध्याकाळी एकाच यंत्राचे दहा व्हिडिओ एकदम समोर येतात. त्या मंडळींच्या हाती यंत्र काही दिवस किंवा फार तर काही आठवडे असते, आणि त्यातली प्रणाली (यंत्र चालवणारे सॉफ्टवेअर) अनेकदा विक्रीला येणाऱ्या प्रणालीच्याही आधीची असते. जून २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने दिशाभूल करणाऱ्या जाहिराती आणि शिफारशींबाबत मार्गदर्शक तत्त्वे काढली. जानेवारी २०२३ मध्ये ग्राहक व्यवहार विभागाने आणखी स्पष्ट सांगितले की, फुकट मिळालेली वस्तू किंवा मोबदला यांचा उल्लेख व्हिडिओखालच्या मजकुरात करून भागणार नाही, तो व्हिडिओमध्येच दिसला आणि ऐकू आला पाहिजे. हे नियम चांगलेच आहेत. मात्र माझा आक्षेप प्रामाणिकपणावर नाही. मी पाहिलेले बहुतेक लोक सरळ आणि जाणकार वाटले. अडचण अशी की, पूर्ण प्रामाणिक माणसालाही चार दिवसांत जे दिसते तेवढेच सांगता येते, आणि सॅम्पलरच्या बाबतीत चार दिवसांत दिसणाऱ्या गोष्टी जवळजवळ ठरलेल्या असतात: पॅडचा स्पर्श, दिव्यांचे रंग, पडद्याचा आकार, इफेक्ट, आणि पेटीतून काढल्यापासून अर्ध्या तासात तयार झालेला एखादा ठेका.

त्यांनी सांगितलेले खोटे निघाले असे नाही. पॅडचा स्पर्श खरोखर चांगला आहे आणि हलक्या-जोरकस आघातांतला फरक तो नीट टिपतो. आवाजाचा स्वर सोयीने वरखाली करता येतो. रेकॉर्डचे बटन दाबायचे राहून गेले असले तरी नुकतेच वाजलेले काही सेकंद यंत्राने जपून ठेवलेले असतात, आणि तालमीत ही सोय फार उपयोगी पडते. साठवणुकीचेही तसेच. सीडीच्या दर्जाचा स्टीरिओ आवाज मिनिटाला सुमारे १० एमबी जागा घेतो. त्या हिशेबाने १६ जीबीत दिवसभराहून अधिक आवाज मावतो आणि हलगीच्या एकेका थापेला तर जागेची चिंताच उरत नाही. १९८७ च्या ई-म्यू एसपी-१२०० या सॅम्पलरमध्ये सगळे मिळून दहा सेकंदच मावत असत आणि तेही १२ बिटचे, म्हणजे सीडीपेक्षा कमी दर्जाचे. जागा वाचावी म्हणून वाजवणारे तबकडी जास्त वेगाने फिरवून आवाज भरत आणि यंत्रात तो पुन्हा खाली उतरवत.

खरे काम मात्र आवाज भरल्यानंतर सुरू झाले, आणि त्याविषयी एकाही व्हिडिओत मला फारसे ऐकायला मिळाले नाही. गावाबाहेरच्या माळावर पहाटे, वारा पडलेला असताना, आम्ही हलगी शेकून तिच्या थापा टिपल्या. जाळावरून काढल्यावर थोड्याच वेळात तिचा स्वर उतरू लागतो, त्यामुळे पहिल्या थापा आणि शेवटच्या थापा एकमेकींशी जुळत नाहीत. मध्ये थांबून पुन्हा शेकावी लागली आणि जुळणाऱ्या तेवढ्याच थापा निवडाव्या लागल्या. मग प्रत्येक थापेच्या आधीची शांतता कापायची. ही शांतता वीस मिलिसेकंदांची राहिली तरी थाप मागे पडते, आणि गाणाऱ्याला नेमके काय बिघडले आहे हे सांगता आले नाही तरी त्याचा चेहरा सांगतो. सीडीच्या दर्जात सेकंदाला आवाजाची ४४,१०० मोजमापे म्हणजे नमुने असतात, म्हणजे ही वीस मिलिसेकंदे ८८२ नमुन्यांची झाली. यंत्राच्या चिमुकल्या पडद्यावर ती जागा शोधणे डोळ्यांची परीक्षा आहे. मी हे काम शेवटी संगणकावर केले आणि तयार फाइली यंत्रात घातल्या.

त्यापुढचा प्रश्न एकाच थापेच्या पुनरावृत्तीचा होता. तीच एक थाप सलग वाजली की कानाला लगेच यंत्र ऐकू येते, कारण हलगीवाल्याच्या दोन थापा कधीच तंतोतंत सारख्या नसतात. म्हणून एका थापेसाठी चार वेगवेगळ्या थापा शेजारशेजारच्या चार पॅडवर ठेवल्या आणि बोटे आलटून पालटून फिरवायची सवय केली. हात ठेवून दाबलेली थाप वाजली की आधीची खुली थाप तिथेच तुटली पाहिजे, यासाठी दोघींना एका गटात बांधावे लागले. ढोलकीचे मात्र जमले नाही. डाव्या पुडीवर तळवा सरकवत काढलेला घुमारा दर वेळी वेगळ्या ठिकाणाहून सुटतो आणि वेगळ्या ठिकाणी थांबतो; तो टिपून ठेवला की दुसऱ्याच वेळी शिळा वाटतो. ढोलकी माणसानेच वाजवावी, या निष्कर्षावर मी आलो आहे आणि आमच्या ढोलकीवाल्या मामांना त्याचा अर्थातच आनंद आहे.

यंत्राची खरी परीक्षा विजेने घेतली. व्हिडिओ करणाऱ्याच्या टेबलावर वीज जात नाही. आमच्याकडे कार्यक्रमाच्या मध्यावर वीज जाऊन जनरेटर सुरू होणे ही नित्याची बाब आहे. पहिल्यांदा असे झाले तेव्हा यंत्र बंद पडले आणि परत सुरू होताना जी आवाजांची मांडणी चालू होती तिच्याऐवजी पहिल्या क्रमांकाची मांडणी घेऊन उभे राहिले. माझी तारांबळ पाहून मामा ढोलकी न थांबवता एवढेच म्हणाले, “भाच्या, तुझं मशीन जागं होईस्तोवर हाय मी इथं.” मोठी मांडणी उघडायला यंत्राला जो वेळ लागतो तो टेबलावर बसलेल्या माणसाला जाणवणारही नाही, समोर दोन हजार माणसे असताना मात्र तो संपता संपत नाही. तेव्हापासून कार्यक्रमाची मांडणी मी नेहमी पहिल्या क्रमांकावर ठेवतो आणि बॅटऱ्या घालूनच यंत्र लावतो.

बॅटरीचा आणखी एक फायदा नंतर कळला. यूएसबीवर साध्या मोबाइल चार्जरने वीज दिली की ध्वनिक्षेपकातून घरघर येत होती. यंत्राचा आवाज साध्या जॅकमधून बाहेर पडतो आणि साउंडवाल्याच्या मिक्सरपर्यंतची वायर मंडपभर लांब असते, त्यामुळे वाटेत ती घरघर अधिकच वाढत होती. डीआय बॉक्स, म्हणजे लांब वायरीतूनही आवाज स्वच्छ नेणारी छोटी पेटी, मध्ये घातला, यंत्र आणि मिक्सर यांच्या अर्थिंगची घरघर करणारी कडी सोडवली आणि वीज बॅटरीची ठेवली, तेव्हा आवाज स्वच्छ झाला. ज्या व्हिडिओत आवाज हेडफोनमधून किंवा हातभर वायरीने थेट संगणकात घेतला जातो, तिथे हा प्रश्न उद्भवतच नाही. हा डीआय बॉक्स खरेदीच्या खर्चातच धरून चालावे.

व्हिडिओंमध्ये एका गोष्टीचा जितका गवगवा होतो तितकी ती प्रत्यक्षात महत्त्वाची नाही, आणि ती म्हणजे पॅड दाबल्यापासून आवाज येईपर्यंतचा विलंब. तो मोजण्यात पाच-पाच मिनिटे जातात आणि दोन यंत्रांत तीन-चार मिलिसेकंदांचा फरक दाखवून निकाल दिला जातो. हवेत ध्वनी सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. मंचावरचा मॉनिटर, म्हणजे वाजवणाऱ्यांना ऐकू यावे म्हणून ठेवलेला स्पीकर, माझ्यापासून चार मीटरवर ठेवला तर तेवढ्याने जवळजवळ बारा मिलिसेकंदे वाढतात, म्हणजे व्हिडिओत ज्या फरकावर यंत्र बाद झाले त्याच्या तिप्पट. मॉनिटर जवळ ओढून घेतला की प्रश्न सुटतो, आणि त्याला पैसे पडत नाहीत. पडद्याबद्दल मात्र कोणी तरी बोलायला हवे होते. जयंतीच्या मिरवणुकीत दुपारच्या उन्हात गाडीवर उभे राहिले की त्यावरचे एक अक्षर दिसत नाही आणि काळी पेटी हात ठेववणार नाही इतकी तापते. मी पॅडवर रंगीत चिकटपट्ट्या लावल्या आहेत आणि वर पांढरा रुमाल टाकतो.

प्रभावाचा विचार केला तर खरेदीपेक्षा वाजवण्यावर झालेला परिणाम मला अधिक लक्षणीय वाटतो. विद्यापीठाच्या युवक महोत्सवांत उतरणारी मुले हल्ली सॅम्पलर आणतात. त्यांचा हात तयार आहे, बोटे माझ्यापेक्षा वेगाने चालतात. पण बहुतेकांच्या यंत्रातून तोच मंद, जुन्या तबकडीची खरखर घातलेला ठेका ऐकू येतो, कारण व्हिडिओत यंत्राची ओळख त्याच ठेक्याने झालेली असते. एका मुलाला मी विचारले की, तुझ्या आजोबांच्या भजनी मंडळाचे टाळ यात का नाहीत, तर तो म्हणाला की, काका, त्यात असे आवाज घालता येतात हे कोणी दाखवलेच नाही. मायक्रोफोन जोडायची जागा तर त्याच्या यंत्राच्या मागच्याच बाजूला होती. काहींनी यंत्र दोन-तीन महिन्यांत विकूनही टाकले, आणि विकताना नवीन आलेल्या यंत्राचा व्हिडिओ त्यांच्याकडे तयार होता.

उलट बाजूही आहे. पहिल्या नजरेला सापडलेले दोष कायमचे समजले जातात, हेही बरोबर नाही. रोलंड कंपनीचा एसपी-४०४ एमके टू हा सॅम्पलर २०२१ मध्ये आला आणि पुढची काही वर्षे त्याच्या प्रणालीत मोठ्या सुधारणा होत राहिल्या. पहिल्या आठवड्यातला त्याचा व्हिडिओ आज बघणारा माणूस वेगळ्याच यंत्राची माहिती घेत असतो. त्याच कंपनीचे टीआर-८०८ हे तालयंत्र १९८० साली आले तेव्हा खऱ्या ड्रमसारखे वाजत नाही म्हणून नाके मुरडली गेली आणि १९८३ मध्ये त्याचे उत्पादन थांबले. त्याचा आवाज आज निम्म्या जगाच्या सॅम्पलरमध्ये भरलेला असतो. माझ्या यंत्राच्या बाबतीतही, मांडणी लक्षात न राहण्याची जी तक्रार मी वर लिहिली आहे, ती एखाद्या सुधारणेत दूर होऊ शकते.

नवा सॅम्पलर घेऊ पाहणाऱ्याने काय बघावे, असे मला विचारले जाते. मी त्याला आधी कंपनीच्या संकेतस्थळावरून माहितीपुस्तिका उतरवून घ्यायला सांगतो. ती फुकट असते आणि बंद पडल्यावर यंत्र कोणत्या मांडणीवर सुरू होते, कोणत्या प्रकारच्या फाइली घेते, बॅटरी किती टिकते, हे तिच्यात लिहिलेले असते. व्हिडिओ बघायचेच तर यंत्र येऊन वर्ष उलटल्यानंतरचे बघावेत. ते थोडे असतात, त्यांना प्रेक्षकही थोडे असतात, आणि त्यांतल्या यंत्राचे कोपरे घासलेले दिसतात. माझे यंत्र मी विकणार नाही. हलगीच्या एका पॅडचा रबर मधोमध गुळगुळीत झाला आहे, पण थाप अजून पहिल्यासारखी उमटते. येत्या वर्षावासाआधी दिमडीच्या थापा भरून घ्यायच्या आहेत. त्यासाठी वारा पडलेली पहाट आणि मामांची सवड, या दोन्ही एका दिवशी मिळायला हव्यात.