जुन्या बोर्डाला नवे फिन बॉक्स: पोखरायचा की आहे तोच सांभाळायचा?

ठाण्यातल्या आमच्या सोसायटीतल्या एका मित्राने यंदा सेकंड हँड सर्फबोर्ड घेतला. पालथा केला तर खाली फिन (बोर्डाला दिशा देणारे पंख) अडकवायचे जुन्या एफसीएस पद्धतीचे गोल प्लग, एका फिनला दोन. शिकला होता तो फ्यूचर्स या फिन बसवायच्या दुसऱ्या पद्धतीच्या बोर्डावर, त्यामुळे त्याचा पहिला प्रश्न होता, ‘हे काढून फ्यूचर्स बसवून घेऊ का?’ असंच ठरवायला बसलेल्यांसाठी हे लिहितोय.

जुन्या एफसीएसमध्ये फिनला दोन दात असतात. ते दोन छोट्या प्लगांत जातात आणि बारीक ग्रब स्क्रूने (बिनडोक्याच्या स्क्रूने) आवळले जातात. हे प्लग बोर्डावर काच-कापड चढवून झाल्यावर भोक पाडून बसवतात, म्हणजे त्यांची पकड मुख्यतः भोवतीच्या रेझिनवर. राजोडीच्या किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळी उथळ पाण्यात फिन वाळूत आपटला की एक तर दात तुटतो, नाहीतर प्लग हलतो. फ्यूचर्सला एकच लांब बॉक्स असतो आणि पुढच्या टोकाला एक स्क्रू. त्याच्या कडेवरून काच-कापड जातं, जोर लांबवर वाटला जातो आणि पायाखाली फिन अगदी ठाम वाटतो. पण तो बॉक्स उखडला तर खड्डाही तेवढाच मोठा पडतो. २०१३ साली आलेल्या एफसीएस टूला पाना लागत नाही, फिन दाबला की बसतो. हवा असल्यास स्क्रूही लावता येतो. घोडबंदर रोडने फिन काढून गाडीच्या टपावर बोर्ड बांधून नेणाऱ्याला ही मोठीच सोय आहे.

तुमच्याकडे आधीच असलेल्या फिनचाही विचार करा. एफसीएस टूच्या बॉक्समध्ये जुने दोन दातांचे फिन भरणीचे तुकडे आणि स्क्रू लावून बसतात. उलट नाही, टूचे फिन जुन्या प्लगांत जात नाहीत. फ्यूचर्सवर गेलात तर जुने फिन बाजूला पडतात. फ्यूचर्सच्या बॉक्सात एफसीएसचे फिन बसवणारे अडॅप्टर मिळतात, पण त्यासाठी बोर्ड पोखरण्यात अर्थ नाही.

पण मुळात प्लग खराब आहेत का, हे आधी बघा. बऱ्याचदा बिघडलेला असतो तो फक्त स्क्रू. या स्क्रूंना ३/३२ इंची ॲलन की लागते, म्हणजे सुमारे २.३८ मिमी. आपल्या हार्डवेअरच्या दुकानात मिलिमीटरचा सेट मिळतो. त्यातली २.५ ची आत जात नाही आणि २ ची सैल बसते. ती २ ची फिरवली की षटकोनी खाच गोल होते, वर खाऱ्या पाण्याचा गंज चढतो आणि माणूस म्हणतो, प्लग गेला! माझ्याही एका बोर्डाचं असंच झालं होतं. स्क्रू काढून नवे टाकले, काम झालं. प्लगभोवती बारीक गोल चीर आहे का, अंगठ्याने दाबल्यावर पाणी किंवा बुडबुडे येतात का, फिन धरून हलवला तर प्लगही हलतो का, हे तपासा. तिन्हीचं उत्तर ‘नाही’ असेल तर बोर्डाला हात लावू नका.

बदलायचेच असतील तर काम मोठं आहे. जुने प्लग उकरायचे, तिथे घट्ट फोम आणि इपॉक्सी भरायचं, मग साचा लावून राऊटरने नवी खाच मारायची आणि वरून कापडाचं ठिगळ चढवून घासायचं. मधल्या फिनपाशी बोर्डाची लाकडी पट्टी कापली जाते, तिथे घाई नको. माप बॉक्सवरून नव्हे, फिनच्या मागच्या कडेवरून घ्यायचं. बाजूचे फिन नाकाकडे किंचित आत वळलेले असतात. तो कोन दोन्हीकडे सारखा नसेल तर बोर्ड एका बाजूला ओढतो.

रेझिनबाबत मात्र मी हट्टी आहे. ओळखीच्या एकाने बोर्ड फायबरच्या टाक्या करणाऱ्याकडे दिला. त्याने नेहमीचं पॉलिएस्टर रेझिन ओतलं. आत ईपीएस (थर्माकोलच्या जातीचा) फोम होता, तो विरघळून पोकळी झाली. पीयू (पॉलियुरेथेन) फोमला पॉलिएस्टर आणि इपॉक्सी दोन्ही रेझिन चालतात, ईपीएसला फक्त इपॉक्सी. कुठला फोम आहे हे कळत नसेल तर इपॉक्सीच वापरा. पावसाळ्यातल्या दमट हवेत इपॉक्सीवर चिकट थर येतो आणि मेच्या उन्हात ते भांड्यातच घट्ट होऊ लागतं. मी असलं काम दिवाळीनंतरच काढतो. बोर्डात पाणी गेलं असेल तर आधी तो नीट वाळू द्या.

माझं मत विचाराल तर शिकाऊ माणसाने चांगल्या प्लगांचा बोर्ड पोखरू नये. त्याच पैशात फिनचा चांगला संच येतो आणि पाण्यात फरक त्यानेच जास्त जाणवतो. सगळेच प्लग गेले असतील आणि बोर्ड तुमचा लाडका असेल, तर जुने फिन वापरायचे असल्यास एफसीएस टू, नाहीतर फ्यूचर्स. सॉफ्ट टॉपमध्ये (वरून मऊ फोम असलेल्या बोर्डांत) बहुतेकदा फिन आरपार स्क्रूने बसवलेले असतात, त्यांच्या नादी लागूच नका.

मित्राच्या बोर्डाचे पाच प्लग घट्ट निघाले, डाव्या फिनचा एक हलत होता. तेवढाच काढून, थोडं मोठं भोक पाडून नवा बसवला आणि सगळे ग्रब स्क्रू बदलले. ३/३२ ची ॲलन की आता त्याच्या बोर्डबॅगच्या आतल्या खिशाला दोरीने बांधलेली असते.