पंचतारांकित जेवण: नऊ महिने, सात बिलं आणि अप्पांचं श्रवणयंत्र

सुरुवात अप्पांच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या, पंचाहत्तरीपासून झाली. माटुंग्याच्या रेल्वे वर्कशॉपात त्यांची उभी हयात गेली आणि कानही तिथेच गेले. आता श्रवणयंत्र आहे, पण भोवती गजबज असली की ते यंत्र भांड्यांचा, खुर्च्यांचा, शेजारच्या टेबलावरच्या वाढदिवसाचा, सगळाच आवाज कानात ओततं. डोंबिवलीतल्या आमच्या नेहमीच्या हॉटेलात गेलो की अप्पा ताटाकडे बघत हसत बसतात. काहीही विचारा, उत्तर एकच: “हो हो, छान आहे.” त्यांच्याच वाढदिवसाला त्यांनी असं बसून राहावं हे मला बघवेना. म्हणून म्हटलं, एकदा मोठ्या हॉटेलात टेबल बुक करूच.

त्या एका जेवणानंतर चटक लागली म्हणा किंवा कुतूहल म्हणा, मी एका हॉटेल साखळीचं डायनिंग कार्ड, म्हणजे फी भरून जेवणावर सूट देणारं कार्ड, घेतलं. नऊ महिन्यांत सात वेळा मोठ्या हॉटेलात जेवलो, चारदा कार्डावर आणि तीनदा पूर्ण पैसे मोजून. “घ्यावं का गं?” असं मैत्रिणी विचारतात, त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहिते आहे. कार्डवाल्या साखळीचं नाव घेत नाही. तक्रारी आहेत, पण त्या बहुतेक ठिकाणी अशाच असाव्यात असा माझा कयास आहे.

पहिलं जेवण दम पुख्त या रेस्टॉरंटमध्ये, सहारच्या विमानतळाजवळच्या आयटीसी मराठा हॉटेलात. हे नाव निवडलं ते अप्पांच्या दातांमुळे. काकोरी कबाब इतका मऊ असतो की दातांना काम पडत नाही, असं कुणीतरी सांगितलं होतं, आणि ते खरं निघालं. भांड्याच्या झाकणाला कणकेची कड लावून वाफ आत कोंडायची आणि मंद आचेवर तासन्‌तास ठेवायचं, हा दम. अवधच्या या स्वयंपाकाला पंचतारांकित हॉटेलात मानाचं पान मिळवून दिलं ते शेफ इम्तियाज कुरेशींनी. २०१६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, २०२४ मध्ये ते गेले. दमची गोष्ट अशी सांगतात की १७८४ च्या दुष्काळात नवाब असफुद्दौलांनी लोकांच्या हाताला काम म्हणून लखनौचा बडा इमामबाडा बांधायला काढला आणि मजुरांसाठी मोठमोठ्या हंड्या निखाऱ्यांवर रात्रंदिवस ठेवल्या जायच्या. दुष्काळी कामावरचं जेवण आपण आज १८ टक्के जीएसटी भरून खातो, हे मी टेबलावर बोलले. नवऱ्याने डोळे वटारले. अप्पा मात्र मोठ्याने हसले.

म्हणजे त्यांना ऐकू आलं होतं!

माझ्यासाठी त्या संध्याकाळचा मुद्दा हाच. शेजारचं टेबल हाताच्या अंतरावर नव्हतं. पायाखाली गालिचा, गाणं असलंच तर अगदी हळू, वाढणारा माणूस अप्पांच्या समोर येऊन, त्यांच्याकडे बघून बोलत होता. अप्पांनी दोन तास गप्पा मारल्या. १९७४ च्या रेल्वे संपाच्या आठवणी निघाल्या, ज्या मी लग्नाच्या अकरा वर्षांत ऐकल्या नव्हत्या. मुंबईत सगळ्यात महाग चीज म्हणजे जागा. ही हॉटेलं मुख्यतः दोन टेबलांमधली जागा विकतात आणि जेवण सोबत येतं, असं माझं तेव्हापासून मत झालं आहे. पुढच्या सहा जेवणांनी ते बदललं नाही.

आता पैशांकडे येते, कारण खरी मेख तिथे आहे. मेन्यूवरचा आकडा आणि बिलावरचा आकडा हे सख्खे भाऊ नव्हेत. ज्या हॉटेलात खोलीचं दिवसाचं भाडं साडेसात हजारांच्या वर जातं, तिथल्या रेस्टॉरंटच्या जेवणावर १८ टक्के जीएसटी लागतो. नाक्यावरच्या साध्या रेस्टॉरंटमध्ये ५ टक्के. शिवाय बरीच हॉटेलं सेवाशुल्क लावतात आणि जीएसटी त्या सेवाशुल्कावरही चढतो. चार हजारांची ऑर्डर घ्या. दहा टक्के सेवाशुल्क धरून ४,४०० आणि त्यावर कर, म्हणजे ५,१९२. तीच ऑर्डर बाहेर सेवाशुल्काशिवाय ४,२०० ला पडली असती. दारू घेतलीत तर तिच्यावर जीएसटी नाही, व्हॅट वेगळा. आमचा भाचा २४ वर्षांचा आहे. महाराष्ट्रात व्हिस्कीसारख्या दारूसाठी २५ पूर्ण लागतात, असं वेटरने त्याला अदबीने सांगितलं तेव्हा सगळ्यात जास्त आनंद आईंना, म्हणजे सासूबाईंना झाला.

सेवाशुल्क देणं सक्तीचं नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्येच सांगितलं होतं की ते बिलात आपोआप लावायचं नाही. हॉटेलवाले कोर्टात गेले आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने प्राधिकरणाच्या बाजूने निकाल दिला. हे मला पाठ होतं, पण प्रत्यक्ष “काढा” म्हणायला तिसरं जेवण उजाडलं. कार्डवाल्या हॉटेलात मी म्हटलं, वेटर गप्प उभा राहिला, मग मॅनेजर आले, कॉम्प्युटरवर काहीतरी खटाटोप झाला आणि दहा मिनिटांनी नवं बिल आलं. तेवढा वेळ नवरा टूथपिक शोधत होता. मी वाढणाऱ्या मुलाच्या हातात रोख टीप दिली. ती त्याच्याच खिशात राहिली असेल अशी आशा आहे.

पाण्याचंही सांगते. बसल्या बसल्या विचारतात, “स्टिल की स्पार्कलिंग?”, म्हणजे बाटलीतलं पाणी बिनबुडबुड्यांचं की बुडबुड्यांचं. प्रश्न असा टाकतात की साधं पाणी नावाची गोष्ट जगात नसावी असं वाटावं. पहिल्या खेपेला आम्ही तीन बाटल्या प्यायलो. रेस्टॉरंटने बाटलीवर छापील किमतीपेक्षा जास्त घेतलं तरी चालतं, सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्येच तसं सांगितलं आहे, त्यामुळे भांडायला जागा नाही. आता बसतानाच “साधं, फिल्टरचं द्या” म्हणते. आजवर कुणी नाही म्हटलेलं नाही.

कार्डाचं गणित फोनवर ऐकताना फार गोड वाटतं. दोघं गेलात तर जेवणावर निम्मी सूट, तिघं तर तिसरा हिस्सा, चौघं तर पाव. म्हणजे कितीही जण जा, फुकट जेवतो तो एकच. आम्ही सहसा पाच जण, त्यामुळे निम्म्या सुटीचं स्वप्न घेऊन गेलो आणि पाचवा हिस्सा घेऊन आलो. ३१ डिसेंबर, दिवाळीचे दिवस, व्हॅलेंटाइन वगैरे दिवशी कार्ड चालत नाही, म्हणजे नेमकं ज्या दिवशी माणूस जाईल त्या दिवशी. दुसऱ्या कुठल्या ऑफरला ते जोडता येत नाही आणि कार्ड ज्याच्या नावावर त्याने स्वतः टेबलावर हजर असावं लागतं. तरी प्रामाणिकपणे सांगायचं तर चौथ्या खेपेला फी वसूल झाली. त्यातली दोन जेवणं फक्त आम्हा नवरा-बायकोची होती म्हणून झाली. वर्षातून एकदाच अख्ख्या कुटुंबाला घेऊन जाणाऱ्याने कार्डाच्या वाटेला जाऊ नये.

चांगलं तेवढंच सांगितलं तर ती जाहिरात होईल. आमच्या लग्नाच्या वाढदिवसाला खिडकीजवळचं टेबल सांगितलं होतं. फोनवर “शुअर मॅम” झालं. गेल्यावर मिळालं ते स्वयंपाकघराच्या दाराशी. ट्रॉली आत, ट्रॉली बाहेर. फोनवर कोण बोललं ते कुणालाच माहीत नव्हतं. तेव्हापासून टेबल कुठलं, माणसं किती, ज्येष्ठ कोण, हे मेसेजवर लिहून घेते आणि जायच्या दिवशी दुपारी पुन्हा विचारते. त्याच ठिकाणी दारावर एका नामवंत शेफचं नाव होतं. चौकशी केली तर ते सल्लागार, मधून मधून येतात. पदार्थ नीट होते, पण माझ्या डोक्यात उगाचच कुणीतरी टोपी घालून आत उभं होतं.

दुसरी तक्रार जरा भावनिक आहे. महाराष्ट्र दिनाच्या सुमारास त्याच साखळीत मराठी जेवणाचा बुफे होता. आई हौसेने नऊवारी नेसून आल्या. तांबडा रस्सा म्हणून जे होतं त्यात टोमॅटोची गोडी, भाकऱ्या गार, आणि पुरणपोळीचे त्रिकोणी तुकडे करून चांदीच्या रंगाच्या ट्रेमध्ये उभे केलेले. आईंनी एक तुकडा उचलला, वरखाली बघितला आणि विचारलं, “हे कुणाच्या डब्यात द्यायचेत का?” पुरणपोळीवर तूप कुणी सोडत नव्हतं, वाटी मागावी लागली. एवढ्या पैशात वाडीतली पंगत उठली असती, हे त्यांचं वाक्य आम्ही लोकलमध्ये कल्याण फास्टच्या तिसऱ्या सीटवरही ऐकलं. माझं म्हणणं इतकंच की ज्या पदार्थाची चव आपल्या जिभेवर पक्की आहे तो मोठ्या हॉटेलात मागवू नये. जे घरी होणं शक्य नाही ते मागवावं. रात्रभर आचेवर राहिलेली काळी डाळ, दमचं मटण, तंदूरमधली रान, म्हणजे मटणाची अख्खी तंगडी. ते घरच्या गॅसवर होत नाही, सिलिंडर आधी संपेल.

नवऱ्याच्या कामानिमित्त दिल्लीला गेलो तेव्हा आयटीसी मौर्य हॉटेलातलं, तंदूरच्या पदार्थांचं बुखाराही केलं. तिथे काटे-चमचे देत नाहीत, गळ्यात एप्रन बांधतात आणि हाताने खायला लावतात. आपल्याला त्यात नवं काही नाही, पण शेजारचा परदेशी पाहुणा नानशी झटापट करत होता ते बघायला मजा आली. मुंबईत तोच बाज हवा असेल तर आयटीसी मराठातच पेशावरी आहे, त्यासाठी विमान पकडायची गरज नाही.

ताजमहाल पॅलेसला दोनदा गेलो. तिथलं गोल्डन ड्रॅगन रेस्टॉरंट १९७३ चं, सिचुआन चवीचं चिनी जेवण आपल्याकडे आणणाऱ्या पहिल्या काही ठिकाणांपैकी एक. तिथल्या जेवणापेक्षा मला सी लाउंजचा दुपारचा चहा जास्त भावला. खिडकीतून गेटवे आणि होड्या दिसतात. पारशी-गुजराती घरांतली लग्नं इथे जमायची असं म्हणतात. म्हणजे आपल्या कांदेपोह्यांचाच कार्यक्रम, फक्त समुद्र समोर ठेवून. २००८ च्या हल्ल्यानंतर हॉटेलचा जुना भाग १५ ऑगस्ट २०१० ला पुन्हा उघडला. अप्पा तिथे खुर्चीत बसून बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “१९०३ ची इमारत. आमचं वर्कशॉप त्यानंतरचं.” ही त्यांची मापायची पट्टी. पूर्ण जेवणापेक्षा चहा खूपच स्वस्त पडतो, आणि पहिल्यांदा जाणाऱ्याची भीड मोडायलाही बरा.

एक घोळ बऱ्याच जणांचा होतो, म्हणून लिहिते. ‘पंचतारांकित’मधले तारे हॉटेलला असतात, स्वयंपाकाला नाही. खोल्या, सोयी, सेवा तपासून पर्यटन मंत्रालय तो दर्जा देतं. जेवणाला तारे देणारी मिशेलिन मार्गदर्शिका भारतातल्या रेस्टॉरंटना तारे देत नाही. त्यामुळे पाच तारे बघून जेवण उत्तमच असेल असं धरू नका. नवं, धाडसी, कधी न चाखलेलं काही हवं असेल तर आजकाल ते हॉटेलांबाहेर जास्त सापडतं. महालक्ष्मीच्या जुन्या गिरणीच्या आवारातलं मास्क हे रेस्टॉरंट घ्या. तिथे निवड तुमच्या हातात नसते, ठरलेला टेस्टिंग मेन्यू एकामागून एक येतो. आम्ही दोघं मित्रांबरोबर गेलो, फार आवडलं. अप्पांना नेणार नाही. दहा-बारा छोट्या बश्या झाल्यावर ते विचारतील, “आता जेवायला कधी वाढणार?”

वेळेचंही बोलायला हवं. आम्ही डोंबिवलीचे. रात्री जेवायला गेलो की गोड येईपर्यंत डोक्यात शेवटची लोकल धावायला लागते. टॅक्सीने परत यायचं तर तो खर्च बिलात धरा. आता आम्ही दुपारीच जातो. बऱ्याच हॉटेलांत दुपारी ठरीव थाळीसारखा सेट मेन्यू रात्रीपेक्षा कमी पैशात असतो, गर्दी कमी, आणि वाढणाऱ्यांना बोलायला सवड असते. पुरुषांना चप्पल आणि अर्धी चड्डी बहुतेक ठिकाणी चालत नाही. अप्पा पांढरा सदरा, पायजमा आणि बुटात गेले, कुणी भुवईसुद्धा उंचावली नाही.

मग बुक करावं का? मी आता आधी टेबलावर कोण बसणार ते बघते. म्हातारी माणसं, कमी ऐकू येणारी, हळू जेवणारी, ज्यांना “आटपा, बाहेर लोक थांबलेत” असं कुणी नजरेने सुचवू नये असं आपल्याला वाटतं, त्यांच्यासाठी मी हसत पैसे भरते. कॉलेजच्या मैत्रिणींसाठी नाही. आम्ही आरडाओरडा करणार, त्या गालिच्याचा अपमान होईल. ऑफिसच्या पार्टीसाठी तर कंपनी भरत असेल तरच.

कार्डाच्या नूतनीकरणाचा फोन गेल्या आठवड्यात आला. फी वाढली आहे. विचार करून सांगते म्हटलं. जेवताना विषय निघाला तेव्हा अप्पांनी ताटातून मान वर काढली आणि म्हणाले, “घे. पण या वेळी आम्ही दोघंच जाऊ. मी आणि ही. दुपारी. दोघांना निम्मी सूट आहे ना?” आई लाजल्या आणि आमटी वाढायला उठल्या.

मेंबरला टेबलावर हजर राहावं लागतं, हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.