डेव्हिल मे क्राय ५ : एल-वन कधी दाबायचं, त्याचा खेळ

ॲक्शन गेम घेताना मी आधी एकच गोष्ट बघतो. हिरोचं रूप पालटतं का, आणि पालटत असेल तर ते कधी पालटायचं हे माझ्या हातात आहे का? या कसोटीवर मी खेळलेल्या गेममध्ये कॅपकॉमचा ‘डेव्हिल मे क्राय ५’ सगळ्यात वर आहे. गेम आला ८ मार्च २०१९ ला, म्हणजे तसा जुनाच. पण सांगलीत विश्रामबागेतल्या एका दुकानात त्याची वापरलेली डिस्क स्वस्तात मिळाली, पीएस ४ (प्लेस्टेशन ४) वर लावली, आणि तेव्हापासून दुसऱ्या गेममध्ये मन लागेना.

गोष्ट थोडक्यात अशी. रेड ग्रेव्ह नावाच्या शहरात माणसांच्या रक्तावर वाढणारं एक प्रचंड सैतानी झाड उगवलंय, आणि त्याच्याशी लढायला नीरो, व्ही आणि डान्टे असे तिघं आळीपाळीने आपल्या हाती येतात. कथेबद्दल एवढं पुरे. खरा जीव आहे तो डान्टेच्या हेल्थखालच्या (हेल्थ म्हणजे त्याचा उरलेला जीव दाखवणारी पट्टी) दुसऱ्या छोट्या पट्टीत. शत्रूला वार बसतील तशी ती भरत जाते. पुरेशी भरली की कंट्रोलरवरचं एल-वन बटण दाबायचं, डान्टेचा सैतान होतो. वार जड पडतात, गेलेली हेल्थ हळूहळू भरून येते आणि पट्टी मात्र सरसर उतरायला लागते. काम झालं की पुन्हा एल-वन दाबून माणूस व्हायचं, उरलेली पट्टी शिल्लक राहते. ही शेवटची सोय मला सगळ्यात मोलाची वाटते. दोन वारांपुरतं रूप घेऊन लगेच सोडता येतं. पुढे जांभळे ऑर्ब (गोळे) मिळत गेले की पट्टीची लांबी वाढते आणि हा हिशेब आणखी रंगतो.

यात एवढं काय, असं कुणी म्हणेल, म्हणून जरा मागचं सांगतो. १९८० च्या पॅकमॅनमध्ये चार मोठ्या गोळ्या असायच्या. एक खाल्ली की भुतं निळी पडून पळत सुटायची. पण पुढच्या लेव्हलना ती निळाई कमी कमी वेळ टिकते आणि खूप पुढे गेल्यावर तर भुतं निळी पडतच नाहीत. १९८५ च्या मारिओत मशरूम खाल्लं की मारिओ मोठा होतो आणि पहिल्या धक्क्याला पुन्हा लहान. आमच्या पिढीने टीव्हीला जोडायच्या त्या कॅसेटवर हे मनसोक्त खेळलंय. काँट्रा या गोळीबाराच्या गेममधली एस अक्षराची गन मिळाली की अख्ख्या वाड्यातली पोरं ओरडायची, आणि मेलं की ती गन गेली. पुढे १९८८ मध्ये सेगाचा ऑल्टर्ड बीस्ट आला. त्यात तीन गोळे गोळा केले की माणसाचा लांडगा व्हायचा. चित्र जबरदस्त होतं, पण तिसरा गोळा उचलला की रूप आपोआप पालटायचं. या सगळ्यांत वस्तू सापडली की ताकद मिळते. ती कधी खर्चायची, हे ठरवायला खेळणाऱ्याला फारशी जागा नाही. डेव्हिल मे क्रायने ती जागा दिली. लांब उभं राहून पट्टी फारशी भरत नाही, आत घुसून मारावं लागतं. आणि भरल्यावरही ती तशीच ठेवायची की आत्ता उधळायची, हा निर्णय लढाईच्या ऐन गर्दीत घ्यावा लागतो.

हे भाच्याला खेळताना बघून फार स्पष्ट दिसलं. साताऱ्याहून तो सुट्टीला आला होता. समोर काव्हालिएरे अँजेलो, विजेची तलवार घेतलेला चिलखती बॉस, म्हणजे मोठा शत्रू. पोराची हेल्थ पाव भागावर आलेली आणि पट्टी गच्च भरलेली.

“अरे, दाब की एल-वन!”

“थांब की मामा, शेवटाला लागंल.”

पुढच्याच फेऱ्यात तलवार बसली आणि डान्टे आडवा. पट्टी होती तशीच. मी त्याला म्हटलं, “एवढी भरली कशासाठी होतीस मग?” त्यावर तो काही बोलला नाही, पण पुढच्या वेळी हेल्थ निम्मी होताच त्याने रूप घेतलं. चार-पाच वार लावले, हेल्थ जरा वर आली, बॉस मागे सरकताच रूप सोडलं. मग साध्या तलवारीने मारत मारत पट्टी पुन्हा भरून घेतली. खजिन्यासारखी साठवलेली ताकद आता त्याच्या हातात खेळती झाली होती. बॉस पडला तेव्हा पट्टीत थोडंसंच उरलं होतं, आणि मला त्याचाच जास्त आनंद झाला.

आता दिसण्याबद्दल. मी सांगलीत हौशी नाटकांची प्रकाशयोजना करतो, त्यामुळे रूप पालटण्याचा क्षण माझ्या नजरेतून सुटत नाही. विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये याच गावात ‘सीतास्वयंवर’ केलं. त्या काळच्या नाटकांत राक्षस यायचे ते ‘अललडुर्र’ अशी आरोळी ठोकत, राळेच्या भपक्यात. राक्षस आला हे अगदी मागच्या माणसालाही कळायचं. एल-वन दाबल्यावर मला तोच राळेचा भपका दिसतो. लख्ख झोत येतो, आवाज फुटतो आणि पुढच्या क्षणाला समोर दुसराच प्राणी उभा. आणि हे सगळं इतक्या झटकन उरकतं की लढाईची लय तुटत नाही. रंगमंचावर क्यू (प्रकाश बदलायचा इशारा) अर्धा सेकंद चुकला तरी प्रेक्षकाला खटकतं. इथे शंभर वेळा दाबलं तरी खटकत नाही, यामागे किती मेहनत असेल याची मला कल्पना आहे. दिग्दर्शक हिदेआकी इत्सुनो यांना मनापासून नमस्कार.

मध्यानंतर डान्टेला याहून मोठं रूप मिळतं, सिन डेव्हिल ट्रिगर. त्याची पट्टी वेगळी. एल-वन दाबून धरलं की नेहमीच्या पट्टीतली ताकद तिकडे ओतली जाते. म्हणजे आता लहान रूप वापरून हेल्थ सावरायची, की कळ काढून मोठं रूप गाठायचं, असा नवा पेच. मोठ्या रूपात पंख फुटतात, वार भयंकर होतात, पण नेहमीची शस्त्रं बदलत कॉम्बो (सलग वारांच्या साखळ्या) बांधता येत नाहीत. साध्या रूपातून थेट मोठ्यात जायला वेळ लागतो. आधी लहान रूप घेऊन मग गेलं तर ते पटकन साधतं. हे एकदा बोटांना कळलं की गेम निराळाच वाटायला लागतो.

खटकणाऱ्या गोष्टीही आहेत. नीरोचे यांत्रिक हात आणि तलवारीची मूठ पिळून वार पेटवणं झकास आहे, पण गेमच्या मोठ्या भागात त्याच्याकडे असं रूपच नाही. यापुढचं सांगितलं तर खेळणाऱ्याची मजा जाईल. व्ही स्वतः फारसा लढत नाही. पक्षी आणि चित्ता त्याच्यासाठी लढतात आणि पट्टी भरली की नाइटमेअर नावाचा राक्षस येतो. पुस्तक वाचत पट्टी भरायची कल्पना सुंदर आहे. पण राक्षस आला की आपण बाजूला उभे, तिथे माझी पकड सुटते. आणि लाल ऑर्ब (गेममधलं चलन) खरे पैसे मोजून विकत घ्यायची सोय ठेवलीय, ती मला अजिबात पसंत नाही. सुदैवाने तिची गरज पडत नाही, खेळूनच भरपूर ऑर्ब मिळतात.

२०१८ च्या गॉड ऑफ वॉर या गेममध्येही नायक क्रेटोसचं स्पार्टन रेज नावाचं असंच रूप आहे. कंट्रोलरच्या दोन्ही काड्या (स्टिक) एकदम दाबायच्या, नुसत्या मुठींनी ठोकायचं आणि प्रत्येक ठोशाला हेल्थ परत. जोरदार आहे, पण मी ते अडचणीत सापडल्यावरच वापरतो. डान्टेचं रूप मात्र बाजी माझ्या बाजूने असतानाही वापरावंसं वाटतं, कारण आपल्या लढण्याला मिळणाऱ्या, डी पासून ट्रिपल एस पर्यंत चढणाऱ्या श्रेणीबरोबर संगीतही चढत जातं आणि त्या भरात हात आपोआप एल-वनकडे जातो.

गेम एकदा संपवून सोडू नका. वरच्या ‘डान्टे मस्ट डाय’ पातळीवर शत्रूही सैतानी रूप घेतात. आपण जे इतका वेळ त्यांच्याशी केलं ते आपल्यावर उलटतं, आणि मग पट्टीचा थेंबन्‌थेंब मोजून वापरावा लागतो.

घेताना एवढं बघा. जुना कंट्रोलर असेल तर एल-वन नीट लागतंय ना ते आधी तपासा, माझं सैल झालं होतं ते बदलून घेतलं तेव्हा कुठे मोठं रूप हवं तेव्हा यायला लागलं. पीएस ५ असेल तर स्पेशल एडिशन घ्या, त्यात डान्टेचा भाऊ व्हर्जिल खेळायला आहेच. पीएस ४ वाल्यांना तो डिसेंबर २०२० पासून वेगळा विकत मिळतो. डान्टेवर हात बसला असेल तर तेवढे पैसे जरूर खर्च करा.