एफ-ड्रॉइड: प्ले स्टोअरबाहेरचं सगळ्यात भरवशाचं ॲप-दुकान, आणि तिथल्या सहीचा प्रश्न

अँड्रॉइड फोनवर प्ले स्टोअर सोडून दुसरीकडून ॲप घ्यायचं असेल तर आधी एफ-ड्रॉइडकडे बघावं, असं आमचं स्पष्ट मत आहे. २०१० पासून चालू असलेला हा प्रकल्प फक्त मुक्त-स्रोत, म्हणजे ज्यांचा सोर्स कोड सगळ्यांना खुला आहे अशी ॲप्स ठेवतो. खातं उघडावं लागत नाही, दुकानात जाहिरात नाही, पैसे मागितले जात नाहीत. पण ज्या गोष्टीमुळे तो भरवशाचा ठरतो, तिच्यातूनच त्याच्या बहुतेक अडचणी निघतात. इथली बरीचशी ॲप्स डेव्हलपरच्या नव्हे, एफ-ड्रॉइडच्या सहीने येतात. हे नीट कळलं की पुढचं सगळं सोपं जातं.

अँड्रॉइड ॲप ज्या फाइलमधून बसतं ती एपीके. अशा प्रत्येक फाइलवर ती बनवणाऱ्याची डिजिटल सही असते. एखादं ॲप पहिल्यांदा टाकताना ही सही नेमकी कोणाची, हे अँड्रॉइड तपासत नाही. फाइल सही झाल्यानंतर बदललेली नाही एवढंच बघतो. त्यानंतरच्या प्रत्येक अपडेटला मात्र तीच सही हवी, नाहीतर तो अपडेट नाकारतो. म्हणजे खरा धोका पहिल्या इन्स्टॉलच्या क्षणी असतो. तेव्हा बनावट फाइल आत गेली तर पुढचे बनावट अपडेटही बिनबोभाट बसतात, आणि खरं ॲप तेवढं नाकारलं जातं.

एफ-ड्रॉइड हा क्षण कसा सांभाळतो, ते पाहण्यासारखं आहे. डेव्हलपरने जाहीर केलेला सोर्स कोड घेऊन तो आपल्या सर्व्हरवर स्वतः ॲप बांधतो. गूगलच्या किंवा जाहिरात कंपन्यांच्या बंदिस्त (कोड खुला नसलेल्या) लायब्ररी, म्हणजे तयार कोडचे भाग, असतील तर त्या काढलेली आवृत्ती लागते, नाहीतर ॲप यादीत येत नाही. तयार फाइलवर एफ-ड्रॉइड सही करतो आणि तिचा हॅश (फाइलमधून काढलेला, फाइल बदलली की बदलणारा आकडा) एका सूचीत नोंदवतो. त्या सूचीवरही सही असते. फोनमधलं एफ-ड्रॉइड ॲप उतरवलेली फाइल या सूचीशी ताडून बघतं. त्यामुळे फाइलींच्या प्रती ठेवणाऱ्या मधल्या एखाद्या मिरर सर्व्हरवर कोणी फाइल बदलली तरी ती तुमच्या फोनवर बसत नाही. काही ॲप्सच्या बाबतीत एफ-ड्रॉइडने बांधलेली फाइल आणि डेव्हलपरची फाइल सही वगळता तंतोतंत जुळते. अशा वेळी डेव्हलपरच्याच सहीची फाइल दिली जाते. ही सर्वांत चांगली स्थिती, पण अजून सगळी ॲप्स तिथवर पोचलेली नाहीत.

बसवताना

एफ-ड्रॉइड प्ले स्टोअरवर मिळत नाही. ब्राउझरमध्ये एफ-ड्रॉइड डॉट ऑर्ग (f-droid.org) हा पत्ता स्वतः टाइप करा. शोधयंत्रात वर येणाऱ्या जाहिरातीच्या दुव्यावरून जाऊ नका. डाउनलोडच्या बटणाजवळच पीजीपी सहीची (फाइल खरी आहे का ते तपासायच्या डिजिटल सहीची) छोटी फाइल मिळते. संगणक हाताशी असेल तर दोन्ही फाइली उतरवून जीपीजी या सही तपासणाऱ्या प्रोग्रॅमच्या व्हेरिफाय आज्ञेला आधी सहीची फाइल आणि मग एपीके द्या. ‘गुड सिग्नेचर’ एवढं दिसून भागत नाही. खाली येणारा, सही ज्या चावीने केली तिचा फिंगरप्रिंट (चावीची ओळख पटवणारा आकडा) संकेतस्थळावर छापलेल्या फिंगरप्रिंटशी जुळायला हवा. ही चावी प्रमाणित नाही अशी सूचना येते, तिने घाबरू नका. तुम्ही त्या चावीला स्वतः मान्यता दिलेली नाही, इतकाच तिचा अर्थ.

फाइल उघडली की फोन परवानगी मागेल. अँड्रॉइड ८ च्या आधी ‘अज्ञात स्रोत’ असा एकच खटका सगळ्या फोनला लागू होता. ८ पासून ही परवानगी ॲपनिहाय द्यावी लागते, आणि ही सुधारणा फार मोलाची आहे. सेटिंग्जमध्ये ॲप्स, मग विशेष ॲप अ‍ॅक्सेस, मग अज्ञात ॲप्स इन्स्टॉल करण्याचा पर्याय, अशी वाट आहे. फोनच्या कंपनीनुसार शब्द थोडे बदलतात. ब्राउझरला परवानगी द्या, एफ-ड्रॉइड बसवा आणि लगेच परत त्याच जागी जाऊन ब्राउझरची परवानगी काढून घ्या. ही शेवटची पायरी लोक हमखास विसरतात. ब्राउझरला, चॅटच्या ॲपला आणि फाइल मॅनेजरला ही परवानगी कायम राहिली, तर संदेशातून आलेली कुठलीही एपीके दोन टॅपमध्ये आत येऊ शकते. यादीत ‘परवानगी आहे’ असं फक्त एफ-ड्रॉइडसमोर दिसलं पाहिजे.

सॅमसंगच्या नव्या फोनवर परवानगीचा पर्यायच फिका दिसत असेल तर सुरक्षा व गोपनीयता विभागातला ऑटो ब्लॉकर (बाहेरची ॲप्स अडवणारी सॅमसंगची सोय) चालू आहे. तो बंद करा, एफ-ड्रॉइड बसवा. पुन्हा चालू केलात तर एफ-ड्रॉइडमधून नवं ॲप घेताना तो पुन्हा आडवा येईल, हे लक्षात ठेवा. अँड्रॉइड १६ मधलं प्रगत संरक्षण चालू असेल तर बाहेरची ॲप्स बसतच नाहीत. ज्याने ते मुद्दाम चालू केलं आहे, त्याने एफ-ड्रॉइडसाठी ते काढू नये, असं आम्ही सुचवू.

वापरताना

शोध कमकुवत आहे. ॲपचं नेमकं नाव माहीत असेल तर ते सापडतं. ‘फोटो’ असा शब्द टाकला तर कामाची आणि बिनकामाची ॲप्स एकत्र येतात. ताऱ्यांचं मानांकन नाही, वापरणाऱ्यांचे अभिप्राय नाहीत. त्यामुळे ॲपचं पान वाचायची सवय लावावी लागते. पहिल्यांदा शेवटच्या अपडेटची तारीख बघा. कॅल्क्युलेटर तीन वर्षं जुना असला तरी चालेल. ब्राउझर, मेल किंवा पासवर्डचं ॲप तितकं जुनं असेल तर घेऊ नका. मग परवानग्या बघा. मग सोर्स कोडच्या दुव्यावर जाऊन काम चालू आहे का, तक्रारींना कोणी उत्तर देतं का, एवढं चाळा.

आणि ‘अँटी-फीचर’च्या खुणा न चुकता वाचा. आमच्या दृष्टीने हा या दुकानाचा सर्वांत प्रामाणिक भाग आहे. जाहिरात दाखवतं, वापराची नोंद पाठवतं, बंदिस्त सेवेवर अवलंबून आहे, ज्ञात सुरक्षादोष आहे, असं ॲपच्या पानावर सरळ लिहिलेलं असतं. बंदिस्त सेवेची खूण म्हणजे ॲप वाईट असं नाही. एखाद्या मोठ्या संकेतस्थळासाठी बनवलेल्या ॲपला ती मिळणारच. ज्ञात सुरक्षादोषाची खूण मात्र दिसली की ॲप काढून टाकायचं.

काही ठिकाणी इथे थेट फायदा होतो. कॅलेंडर आणि संपर्क स्वतःच्या सर्व्हरशी जुळवणारं डॅव्हएक्सफाइव्ह प्ले स्टोअरवर विकत घ्यावं लागतं, इथे ते मोफत आहे. ओसमअँडच्या नकाशांनाही इथल्या आवृत्तीत डाउनलोडची मर्यादा नाही. रोज वापरात असेल तर अशा डेव्हलपरला देणगी जरूर द्या. ॲपच्या पानावरच त्याचा दुवा असतो.

तोटाही आहे. गूगलची पुश सेवा (नवा संदेश आल्याचं फोनला लगेच कळवणारी) काढून टाकलेली असल्यामुळे काही चॅट ॲप्सचे संदेश उशिरा येतात, किंवा ॲपला सतत जोडणी उघडी ठेवावी लागते आणि वर एक कायमची सूचना दिसत राहते. बॅटरीच्या सेटिंगमध्ये त्या ॲपवरचं बंधन काढलं तर संदेश वेळेवर येतात, बॅटरी थोडी जास्त जाते. अपडेटही उशिरा येतात: डेव्हलपरने नवी आवृत्ती काढल्यावर एफ-ड्रॉइडने ती बांधून, सही करून प्रसिद्ध करेपर्यंत काही दिवस जाऊ शकतात. एरवी याने बिघडत नाही. सुरक्षादोष दुरुस्त करणारा अपडेट असेल तर हे दिवस जड असतात, म्हणून ब्राउझरसाठी आम्ही एफ-ड्रॉइडच्या मुख्य भांडाराची (त्याच्या स्वतःच्या ॲप-संग्रहाची) शिफारस करत नाही.

अँड्रॉइड १२ पासून एफ-ड्रॉइडला न विचारता अपडेट बसवता येतात, पण ते ॲप मुळात एफ-ड्रॉइडनेच बसवलेलं हवं आणि पुरेशा नव्या अँड्रॉइडसाठी बांधलेलं हवं. एखादं जुनं ॲप दर वेळी ‘अपडेट करायचं का’ विचारत असेल, तर कारण हेच.

बिघडतं कुठे

सर्वाधिक तक्रारी सहीच्या. प्ले स्टोअरवरून घेतलेल्या ॲपवर एफ-ड्रॉइडची आवृत्ती बसवायला गेलात की ‘ॲप इन्स्टॉल झालं नाही’ एवढंच दिसतं. दोन्हीकडे पॅकेजचं नाव (अँड्रॉइड ज्याने ॲप ओळखतो ते अंतर्गत नाव) एकच, सह्या वेगळ्या. अँड्रॉइड नकार देतो आणि ते बरोबरच आहे. उपाय एकच: जुनं काढून नवं टाकणं. जुनं काढलं की त्याचा डेटा जातो, म्हणून आधी ॲपमधूनच बॅकअपची फाइल बाहेर काढा आणि ती उघडते का ते तपासा. ओटीपीचे कोड ठेवणाऱ्या ॲपच्या बाबतीत हे विसरलात तर सगळ्या खात्यांबाहेर अडकाल.

टर्मक्स हे फोनवर लिनक्सच्या आज्ञा चालवणारं ॲप वापरणाऱ्यांना हाच प्रश्न वेगळ्या रूपात भेटतो. टर्मक्स आणि त्याची पूरक ॲप्स एकमेकांचा डेटा वापरतात, त्यासाठी सगळ्यांवर एकच सही लागते. मुख्य ॲप गिटहबवरून (डेव्हलपर कोड आणि फाइली ठेवतात ते संकेतस्थळ) आणि पूरक एफ-ड्रॉइडवरून घेतलं तर पूरक बसतच नाही. सगळी एकाच ठिकाणाहून घ्या.

बाकी चुका झटपट ओळखता येतात. ‘पॅकेज पार्स करता आलं नाही’ म्हणजे फाइल अर्धवट उतरली आहे, किंवा ॲपला तुमच्यापेक्षा नवा अँड्रॉइड हवा आहे. प्रोसेसरच्या प्रकारानुसार वेगवेगळ्या फाइली असतील तर बहुतेक आजच्या फोनला एआरएम६४ची लागते. ॲपची जुनी आवृत्ती फोनमधल्या नव्या आवृत्तीवर बसत नाही. आणि अँड्रॉइड १४ पासून, अँड्रॉइड ६ च्या आधीच्या आवृत्त्यांना लक्ष्य करणारी, म्हणजे त्यांच्यासाठी बांधलेली ॲप्स फोन स्वतःच अडवतो, कारण परवानगी विचारण्याची सध्याची पद्धत टाळायला मालवेअर मुद्दाम जुनं लक्ष्य ठेवत असे.

प्ले प्रोटेक्ट, म्हणजे ॲप्स तपासणारी गूगलची सोय, बंद करू नका. अनोळखी ॲपवर तो तपासणीची विचारणा करेल, होऊ द्या. जो दुवा किंवा जो माणूस ‘आधी प्ले प्रोटेक्ट बंद करा’ असं सांगतो, तिथेच थांबा. फाइलमधून टाकलेल्या ॲपला अँड्रॉइड १३ पासून अ‍ॅक्सेसिबिलिटी आणि सूचना वाचण्याची परवानगी सहज मिळत नाही, आणि त्यामागे ठोस कारण आहे: पैसे चोरणारी ॲप्स नेमक्या याच दोन वाटांनी पडद्यावरचा मजकूर आणि ओटीपी वाचतात. एखाद्या विश्वासू ॲपला हे खरंच हवं असेल तर आधी ती परवानगी देऊन बघा, नकार येऊ द्या. मग ॲपच्या माहितीच्या पानावर वरच्या तीन टिंबांत प्रतिबंधित सेटिंग्जना अनुमती देण्याचा पर्याय उगवतो. नकार येण्याआधी तो दिसत नाही, म्हणून अनेकांना सापडत नाही. बँकेचं ॲप मात्र बाहेरून घेऊच नये, एफ-ड्रॉइडवर ते मिळणारही नाही.

इथे न मिळणारी ॲप्स

सिग्नल हे चॅट ॲप मुख्य भांडारात नाही. त्याची एपीके त्याच्याच संकेतस्थळावर मिळते, शेजारी सहीच्या प्रमाणपत्राचा एसएचए-२५६ फिंगरप्रिंट छापलेला असतो, आणि पुढचे अपडेट ॲप स्वतः आणतं. हा फिंगरप्रिंट आणि फाइलचा हॅश यांची गल्लत करू नका. हॅश दर आवृत्तीला बदलतो. प्रमाणपत्राचा फिंगरप्रिंट डेव्हलपरने चावी बदलेपर्यंत तोच राहतो. संगणकावर अँड्रॉइडच्या बिल्ड-टूल्समधलं एपीकेसाइनर तो दाखवतं, फोनवर ॲपव्हेरिफायर हे ॲप.

गिटहबवर फाइली ठेवणाऱ्या डेव्हलपरांच्या ॲप्ससाठी ऑब्टेनियम (थेट तिथून ॲप आणि अपडेट आणणारं ॲप) चांगलं आहे: अपडेट लगेच येतात आणि सही डेव्हलपरची असते. पण मधे कोणी तपासणारं नाही, तेव्हा दुवा प्रकल्पाच्या अधिकृत पानावरूनच घ्या, नावाच्या शोधातून नाही. इझीऑनड्रॉइड हे वेगळं भांडार एफ-ड्रॉइडमध्येच जोडता येतं. तिथेही डेव्हलपरच्या सहीच्या फाइली असतात आणि अपडेट मुख्य भांडारापेक्षा लवकर येतात. बंदिस्त ॲपची जुनी आवृत्ती हवीच असेल तर एपीकेमिरर या संकेतस्थळावर जा. फाइल ठेवण्याआधी तिची सही आधीच्या आवृत्तीशी जुळते का, हे तिथे तपासलं जातं. ‘मॉड’ केलेल्या, पैसे भरायची अट काढून टाकलेल्या एपीके कुठूनही घेऊ नका. फाइल बदलली की मूळ सही मोडते, म्हणजे ती फाइल डेव्हलपरची नाही हे सिद्धच असतं.

२०२६ नंतर

गूगलने ऑगस्ट २०२५ मध्ये जाहीर केलं की प्रमाणित (गूगलची मान्यता असलेल्या) अँड्रॉइड फोनवर बसणाऱ्या ॲपच्या डेव्हलपरची ओळख पटवलेली असावी लागेल, ॲप प्ले स्टोअरबाहेरचं असलं तरीही. सुरुवात सप्टेंबर २०२६ मध्ये ब्राझील, इंडोनेशिया, सिंगापूर आणि थायलंडपासून, बाकी जगात २०२७ पासून. या योजनेत पॅकेजचं नाव आणि सही यांची नोंदणी डेव्हलपरच्या नावावर होते. दुसऱ्यांच्या ॲप्सवर स्वतः सही करणाऱ्या एफ-ड्रॉइडला हे थेट लागतं, आणि असं झालं तर आपलं काम आजच्या रूपात चालणार नाही असं त्याने उघडपणे सांगितलं. नोव्हेंबर २०२५ मध्ये गूगलने जाणकारांसाठी इशारे दाखवून पुढे जाऊ देणारा वेगळा मार्ग ठेवण्याचं कबूल केलं. संगणकाला केबल जोडून एडीबी या डेव्हलपरांच्या साधनाने ॲप टाकण्याची वाट मोकळी राहील, असंही सांगितलं आहे. एफ-ड्रॉइडवर महत्त्वाची ॲप्स चालवत असाल तर त्यांतल्या प्रत्येकाचा बॅकअप आता बाहेर काढून ठेवा, आणि कुठल्या ॲपवर डेव्हलपरची सही आहे, कुठल्यावर एफ-ड्रॉइडची, ते एकदा ॲपव्हेरिफायरमध्ये बघून नोंदवा. डेव्हलपरच्या सहीचं ॲप, डेव्हलपर इतरत्रही त्याच सहीने फाइली देत असेल तर, डेटा न गमावता तिथून पुढे अपडेट करता येईल. एफ-ड्रॉइडच्या सहीचं ॲप काढून पुन्हा टाकावं लागेल.