वेंगुर्ल्यातलं रेकॉर्डचं दुकान : माल उत्तम, चिठ्ठ्यांवरून भांडण

आधी मुद्द्याचं सांगतो. वेंगुर्ल्यात बंदराच्या वाटेवर एका कौलारू घराच्या पडवीत ग्रामोफोन रेकॉर्डचं दुकान आहे. बाहेर पाटी नाही. आत मात्र मुख्यतः १९७९ ते ८३ सालचा लंडन, मँचेस्टर, न्यूयॉर्कचा माल हातात घेऊन, वाजवून बघता येतो. बहुतेक नव्याने छापलेल्या प्रती, थोड्या जुन्या. माल उत्तम, साउंड बरा, घावणे फर्स्ट क्लास. खणांवरच्या चिठ्ठ्यांबद्दल मात्र माझं आणि मालकाचं अजिबात जमत नाही.

मी कुडाळचा, धंदा साउंडचा. दशावतार, डबलबारी, गणपती, लग्नं. माईक लावायचे, बेसच्या पेट्या उचलायच्या. त्यामुळे गाण्यात मला आधी किक (मोठ्या ड्रमचा ठोका) ऐकू येते, मग बेस, आणि शब्द अगदी शेवटी. मालक मुंबईत नोकरी करून परतलेला, वाचणारा माणूस. त्याला आधी कव्हरच्या मागची नावं दिसतात. आमच्या भांडणाचं मूळ हेच.

भिंतीला फणसाच्या फळ्यांचे खण आणि प्रत्येकावर मार्करने लिहिलेली चिठ्ठी : पोस्ट-पंक, न्यू वेव्ह, नो वेव्ह, डिस्को, पंक-फंक, डान्स-पंक. पंक म्हणजे रांगडं, आरडाओरड्याचं रॉक, पोस्ट-पंक, न्यू वेव्ह, नो वेव्ह या त्यातूनच फुटलेल्या शाखा, डिस्को म्हणजे नाचायचं संगीत, आणि उरलेली दोन म्हणजे पंक आणि नाचाची सरमिसळ. मँचेस्टरच्या न्यू ऑर्डर या बँडची 'ब्लू मंडे' ही १९८३ ची बारा इंची रेकॉर्ड मी डिस्कोत शोधत बसलो, ती सापडली पोस्ट-पंकात.

"ही हय कित्याक?" मी विचारलं.

"खुळो झालंस काय? जॉय डिव्हिजनवाले ते."

खरं आहे. जॉय डिव्हिजन हा पोस्ट-पंक बँड. मे १९८० मध्ये त्यांचा गायक इयान कर्टिस गेला, उरलेल्या तिघांनी नाव बदलून न्यू ऑर्डर केलं, चौथी गिलियन गिल्बर्ट आली. म्हणजे घराणं पोस्ट-पंकच. पण घराणं बघून खण ठरवायचा का? साडेसात मिनिटांच्या त्या रेकॉर्डवर सुरुवातीला नुसती ओबरहाइम डीएमएक्स या ड्रम मशीनची किक आहे, आणि माणसाचा आवाज यायला दोन मिनिटांच्या वर जातात. किकची कल्पना आली डोना समरच्या डिस्को रेकॉर्डवरून. लग्नात मी ही लावली तर वऱ्हाडातला एकही माणूस तिला पंक म्हणायचा नाही, सरळ नाचायला लागेल.

बरं, मालकाचा नियम त्याला स्वतःला तरी पाळता यावा! शेजारीच ईएसजी हा बँड. या न्यूयॉर्कच्या साउथ ब्राँक्समधल्या स्क्रॉगिन्स बहिणी. मुली रस्त्यावर भटकू नयेत म्हणून आईने वाद्यं आणून दिली, तिथून सुरुवात. पंकशी त्यांच्या घराचा संबंध शून्य. पण १९८१ मध्ये त्यांचं ध्वनिमुद्रण केलं जॉय डिव्हिजनचाच निर्माता मार्टिन हॅनेट याने आणि रेकॉर्ड काढली मँचेस्टरच्या फॅक्टरी या कंपनीने, म्हणून त्या पोस्ट-पंकात. इथे घराणं चालत नाही, कंपनी चालते. टेप थोडी उरली म्हणून तेव्हाच वाजवलेलं त्यांचं 'यूएफओ' पुढे हिप-हॉपवाल्यांनी तुकडे कापून (म्हणजे सॅम्पल करून) इतकं उचललं, की १९९२ मध्ये बहिणींनी रेकॉर्डचं नावच ठेवलं, सॅम्पलच्या श्रेयाने आमची बिलं भागत नाहीत. मग हिप-हॉपचा खण कुठाय, असं विचारलं तर मालक चहा सांगायला आत गेला.

पब्लिक इमेज लिमिटेड या बँडचं 'डेथ डिस्को' हा तर कहरच. सेक्स पिस्टल्स हा पंक बँड सोडून आलेल्या जॉन लायडनने मरणपंथाला लागलेल्या आईसाठी केलेलं गाणं, १९७९ चं. खाली बेसवादक जाह वॉबलचा जड, रेगेच्या वळणाचा बेस. माणसाने स्वतः नावात डिस्को लिहून दिलंय, तरी मालक ते डिस्कोत ठेवायला तयार नाही! त्यात त्याचा एकट्याचा दोष नाही म्हणा. त्याच वर्षी १२ जुलैला शिकागोच्या बेसबॉल मैदानावर दोन सामन्यांच्या मध्ये डिस्कोच्या रेकॉर्डची पेटी सुरुंग लावून उडवली, लोक मैदानात घुसले, दुसरा सामना झालाच नाही. त्यानंतर अमेरिकेतल्या कंपन्यांना डिस्को हे नाव नकोसं झालं, त्याच मालावर 'डान्स' लिहून विक्री सुरू झाली. न्यूयॉर्कची झी रेकॉर्ड्स मात्र निर्लज्ज. तिने १९८१ मध्ये असल्या सरमिसळ गाण्यांचा संग्रह काढून त्यावर ठळक 'म्यूटंट डिस्को' छापलं. तो संग्रह इथे आहे. खण? नो वेव्ह.

'डान्स-पंक' या एका चिठ्ठीवर माझं अर्धं म्हणणं मालकाच्या बाजूने आहे. त्यात त्याने लीड्सची गँग ऑफ फोर (१९७९) आणि न्यूयॉर्कची द रॅप्चर (२००२) मांडीला मांडी लावून बसवलीत. रॅप्चर, एलसीडी साउंडसिस्टम यांना ते नाव शोभतं. त्यांनी जुन्या रेकॉर्ड ऐकल्या होत्या आणि तसंच काहीतरी करायचं ठरवूनच ते बसले होते. गँग ऑफ फोरने असला कुठला खण भरायचा म्हणून गिटार धरली नव्हती. मागाहून आलेल्यांना नाव द्या, आधीच्यांना शहर आणि साल पुरे. 'न्यूयॉर्क, १९८१ ते ८३' असा एक खण केला की ईएसजी आणि लिक्विड लिक्विड हे दोन बँड आपोआप शेजारी येतात. अमेरिकेत दोघांच्या रेकॉर्ड ९९ रेकॉर्ड्सनेच काढल्या, आणि ती कंपनी म्हणजे मुळात मॅकडूगल स्ट्रीटवरचं एक दुकान. दुकानदाराला हे आवडायला हवं.

ते नसेल तर नुसते नंबर द्या. वेंगुर्ल्याच्या संशोधन केंद्राने काजूच्या जातींना वेंगुर्ला-४, वेंगुर्ला-७ अशी नावं दिली, कलमं घेताना कोणी वाद घालत नाही. फॅक्टरीनेही तेच केलं : 'ब्लू मंडे' ७३, त्यांचा हासिएंडा क्लब ५१, क्लबच्या मांजरालासुद्धा १९१ नंबर. मालक हसला, पण चिठ्ठ्या तशाच आहेत. शास्त्रीय संगीताच्या खणात चरणजित सिंग पण तसेच. हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदातले हे वादक. १९८२ मध्ये रोलँड कंपनीच्या ८०८ (ड्रम) आणि ३०३ (बेस) यंत्रांवर त्यांनी दहा राग डिस्कोच्या ठेक्यात वाजवले, आणि २०१० मध्ये ती रेकॉर्ड पुन्हा निघाल्यावर लोक म्हणायला लागले, हे तर शिकागोत ३०३ यंत्रावर नाचाचं संगीत घडलं त्याच्या आधीचं अ‍ॅसिड हाउस. मालकाने कव्हरवर 'राग' वाचलं आणि विषय संपवला.

गोव्याचा एक खण नाही याचं खरं वाईट वाटतं. तेरेखोल ओलांडली की गोवा. अंजुण्याच्या किनाऱ्यावर ऐंशीच्या दशकात परदेशी डीजे युरोपातलं न्यू वेव्ह आणि इलेक्ट्रॉनिक संगीत कॅसेटवरून वाजवायचे, कारण रेकॉर्ड आपल्या उन्हात वाकते. गाणाऱ्याचे शब्द कापून टाकायचे, ताल तेवढा ठेवायचे. पुढे गोवा ट्रान्स म्हणून जगभर जे गेलं त्याची मुळं तिथे आहेत. इंग्लंडात ज्या चकतीला लोक हाताची घडी घालून ऐकायचे, तिच्यावर इथे वाळूत उजाडेपर्यंत नाच. नाचावरून खण ठरवायला माझ्या हिशेबाने एवढा पुरावा बास, पण मालक म्हणतो, "शब्द कापल्यार ता गाणाच नाय."

आता साउंड. अ‍ॅम्प्लिफायर चांगला, स्पीकर जुने लाकडी, मधला आवाज गोड. चूक एकच आणि मोठी : टर्नटेबल आणि स्पीकर एकाच फळीवर. 'डेथ डिस्को'चा बेस सुरू झाला की फळी थरथरते, ती थरथर सुई पकडते, ती पुन्हा स्पीकरमधून येते, आणि खालच्या पट्टीत नुसती घूं. दोन चांगले जांभ्याचे चिरे आणायचे, एकावर एक ठेवून वर टर्नटेबल, स्पीकर वेगळ्या स्टुलावर. खर्च जवळजवळ नाही. ऐकून बघायला मिळतं हेच या दुकानाचं बळ आहे, तेव्हा हे त्याने लवकर करावं.

पावसातली निगा मात्र शिकण्यासारखी. प्रत्येक कव्हर प्लॅस्टिकमध्ये, आत ओल शोषणाऱ्या पुड्या, सगळं उभं, भिंतीपासून वीतभर लांब. मी ढीगभर रेकॉर्ड हाताळल्या, बुरशीचा ठिपका दिसला नाही. फक्त डिस्कोचा खण पश्चिमेच्या खिडकीखाली आहे आणि चार वाजता त्यावर ऊन येतं. तिथलं काही घेतलंत तर आधी ताटलीवर फिरवून बघा, कड लाटेसारखी वर-खाली होत असेल तर दुसरी प्रत मागा. तो देतो, कुरकुर करत नाही.

नवी प्रत अडीच-तीन हजारांच्या घरात. सकाळी गेलात तर मालकाची आई घावणे आणि काळ्या वाटाण्यांची उसळ देते. काकूंना गाणी कुठली, कुणाची, काही देणंघेणं नाही, त्या दहा वाजता आवाज कमी करायला लावतात. दुपारी एक ते चार बंद. पडवीत रेंज येत नाही, तेव्हा पैसे रोख न्या.